शेताचा रतीब

मेथी उपटली तरी तिचा श्वास चालूच असतो. मुळांना पाणी मिळणे थांबते, पण पानांतल्या पेशी जिवंत राहतात. त्या साठवलेली साखर जाळतात, उष्णता सोडतात आणि ओलावा गमावत जातात. मोगऱ्याची कळीही खुडल्यावर उमलायची थांबत नाही. पहाटे खुडलेली कळी संध्याकाळी फुलते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडू लागते. भाजी आणि फूल ट्रकमध्ये असो, आडत्याच्या गाळ्यावर असो की घरच्या परडीत, त्यांचे आयुष्य सतत खर्च होत असते. छोट्या, जवळच्या शेतांतून फुले आणि अन्न घेण्याच्या फायद्यांचे मूळ इथे आहे. शेत आणि घर यांतले अंतर घटले की वेळ वाचतो, मधले हात कमी होतात आणि माल कुठल्या मातीतून, कुठल्या पाण्यावर आला हे विचारता येते. वेळ, पैसा आणि माहिती असे हे तिहेरी अंतर आहे. ते कसे पडते आणि कसे कमी होते, हे नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, दिघ्यात, चांगले दिसते.

खाचरांवर उभे राहिलेले गाव

दिघ्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. मधल्या पट्ट्यातून ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे जाते. कळवा एका हाताला, ऐरोली दुसऱ्या. आज या पट्ट्यात कारखान्यांच्या भिंती, चाळी, उंच इमारती आणि डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या वस्त्या दिसतात. ईलठणपाड्याजवळचे ब्रिटिश काळात रेल्वेने बांधलेले छोटे धरण तेवढे जुन्या भूगोलाची खूण म्हणून उरले आहे.

हा सारा खाडीकाठ पूर्वी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत होता. आगरी आणि कोळी समाजाची गावे इथे ओळीने वसलेली होती. ‘आगरी’ हे नावच मिठाच्या आगरांवरून पडल्याचे मानले जाते. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतला क्षार धुऊन काढायचा आणि मग भात लावायचा, अशी इथली शेती होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यात ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईला झालेले आंदोलन आणि त्यातून आलेली साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना इथल्या घराघराला ठाऊक आहे.

शेत गेल्याचा एक परिणाम मोबदल्याच्या हिशेबात कधीच आला नाही. ज्या घरात तांदूळ कणगीत असे आणि वाल, चवळी, काकडी बांधावरून येत असत, ते घर भाजी विकत घेणारे झाले. पुढे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ आणि राज्याबाहेरून कामगार कुटुंबे आली. त्यांचीही शेते मागे, गावी राहिली. आज दिघ्यात बहुतेक सगळे अन्न बाहेरून येते, आणि ते किती लांबून, किती हातांतून येते याला म्हणूनच महत्त्व आहे.

वाशीचा वळसा

दिघ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर वाशी आहे आणि वाशीत मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या समितीचा कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईहून इथे हलला. भाजीपाला आणि फळबाजार १९९६ मध्ये आला. नाशिक, पुणे, साताऱ्यासह गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेशातून निघालेल्या गाड्या मध्यरात्रीनंतर इथे लागतात. माथाडी कामगार माल उतरवतात, गाळ्यावर भाव ठरतो आणि उजाडायच्या आत किरकोळ विक्रेते टेम्पो-रिक्षा भरून परततात.

या बाजाराशिवाय महानगराचे पोट भरणार नाही. पण त्याची रचना मोठ्या मालासाठी आहे. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या शेतकऱ्याकडे एखाद्या दिवशी पंधरा किलो भेंडी आणि मेथीच्या चाळीस जुड्या निघाल्या, तर तो माल वाशीला नेणे त्याला परवडत नाही. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात फारसे उरत नाही. मग तो गावातल्या किंवा तालुक्याच्या व्यापाऱ्याला माल देतो, व्यापारी अनेकांचा माल एकत्र करून पुढे पाठवतो आणि तीच भेंडी दोन-तीन हात बदलून, कधी शेताच्या जवळूनच परत जात, दिघ्याच्या हातगाडीवर येते. पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवासाला दीड-दोन दिवस लागतात.

या वळशाची किंमत पैशात मोजली गेली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार ग्राहकाने दिलेल्या रुपयातले टोमॅटो उत्पादकाला सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकाला ३६ आणि बटाटा उत्पादकाला ३७ पैसे मिळतात. केळीत हा वाटा ३१ पैसे आहे. घराने चाळीस रुपयांना घेतलेल्या किलोभर टोमॅटोतले साधारण तेरा रुपये रोप लावणाऱ्या, फवारणाऱ्या, तोडणाऱ्या घरात पोचतात. उरलेले सगळे काही नफ्यात जात नाही. वाहतूक, चढउतार, गाळ्याचे भाडे आणि सडणाऱ्या मालाची भरपाई त्यातून होते. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत भाज्यांचे नुकसान पिकानुसार ४.६ ते १२.४ टक्के आणि फळांचे ६.७ ते १५.९ टक्के आढळले. हा फेकला जाणारा मालही शेवटी ग्राहकाच्या भावात आणि शेतकऱ्याच्या तोट्यात वाटला जातो.

साखळी आखूड झाली की हा हिशेब दोन्ही टोकांना हलतो. थेट विक्रीत ग्राहकाने नेहमीचाच भाव दिला, तरी शेतकऱ्याचा वाटा वाढतो, कारण मधला खर्च आणि नासाडी कमी होते. मात्र विक्रीचे कष्ट त्याच्याच अंगावर येतात. दिवसभर बसणे, सुटे पैसे, उरलेला माल हे सगळे तोच सोसतो. म्हणून थेट मिळणारी भाजी दरवेळी स्वस्त असेल असे नाही. चांगली सोय तीच, ज्यात ग्राहकाला त्याच पैशात ताजा माल मिळतो आणि पिकवणाऱ्याला जास्त पैसे मिळतात.

लोकलने येणारी पाटी

थेट विक्रीची सर्वांत जुनी वाट मध्य रेल्वेची लोकल आहे. कसारा, आसनगाव, बदलापूर, कर्जतकडून येणाऱ्या पहाटेच्या गाड्यांच्या मालडब्यात पाट्या, बोचकी आणि टोपल्या चढतात. त्या बहुतेक बायकांच्या असतात. कुणी कल्याणला उतरते, कुणी ठाण्याला. ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवरून २००४ पासून वाशीकडे ट्रान्स-हार्बर गाड्या सुटतात. १२ जानेवारी २०२४ रोजी त्या मार्गावर दिघा गाव स्थानक सुरू झाले. ठाण्यानंतरचे पहिलेच स्थानक असल्याने मुरबाड-शहापूरकडची पाटी आता एक गाडी बदलून दिघ्यात उतरू शकते.

अशी विक्री वजनकाट्यापेक्षा वाट्यांवर चालते. कापडावर वांग्यांचा वाटा, मिरचीचा वाटा, अळूची जुडी, शेवग्याच्या शेंगांची पेंढी. हा छोट्या शेताचा माल आहे हे त्याच्या मिसळीवरून कळते. एकाच पाटीत दोन किलो वाल, थोडी चवळी, चार पपया आणि तगरीची फुले असली, तर तो आडतीतून उचललेला माल नसतो. एकाच भाजीची एकसारखी रास असेल, तर बहुधा असतो.

या पाट्यांतून ऋतू कळतो. आषाढ-श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली आणि बांबूचे कोवळे कोंब येतात, आणि त्याआधी पहिल्या पावसाबरोबर शेवळे. यांची लागवड कुणी करत नाही. कातकरी, ठाकूर, वारली बायका त्या रानातून खुडतात आणि शेवळ्यासारख्या खाजऱ्या भाजीत आंबट काय घालायचे हेही सांगतात. राज्याचा कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. भाद्रपदात काकडी, पडवळ, दोडका येतात. भात कापल्यावर त्याच खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, हरभरा पेरतात. त्यांना वेगळे पाणी फारसे लागत नाही, म्हणून पौष-माघात बिरड्याचे वाल आणि हिरव्या शेंगा येतात. मुरबाड-शहापुरात विहीर किंवा वनराई बंधाऱ्याचे पाणी असेल तिथे भेंडी आणि मिरची होते. इथली भेंडी परदेशीही जाते.

अशा भाजीत ताजेपणाचा फायदा सगळीकडे सारखा नाही. पालक, माठ, मेथी यांतले क जीवनसत्त्व खोलीच्या तापमानाला झपाट्याने घटते. कोवळ्या मक्याची गोडी काही तासांत पिठूळ होऊ लागते, कारण दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलते. भेंडी, पडवळ, रानभाज्या दुसऱ्या दिवशीच चरबट किंवा लिबलिबीत होतात. कांदा, बटाटा, लसूण नीट वाळवून ठेवले तर महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे ते नाशिकहून आले तरी ग्राहकाचे काही बिघडत नाही. पानाचे, कोवळे आणि सुवासिक ते जवळून, वाळवून टिकणारे ते लांबून, हा साधा नियम घरखर्चालाही झेपतो.

फुलपुडीचे गणित

फुलांचे घड्याळ भाजीपेक्षा कडक आहे. सोनचाफा उजाडताना तोडतात आणि पाण्याचा हात लावून बाजारात पोचवतात. दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या सैल पडतात. वसई-विरारच्या वाड्यांतून चाफा, जास्वंद, तगर, तुळस घेऊन दादरला जाणाऱ्या शेतकऱ्यांचा दिवस यामुळेच पहाटे सुरू होतो. दादर पश्चिमेची मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि कल्याणचा फूलबाजार हे या भागातले मोठे ठोक बाजार आहेत. तिथे मोगऱ्याचा भाव एका सकाळीतही बदलतो. कळी मिटलेली असते तोवर भाव राहतो, ऊन चढले की उतरतो.

पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड, जव्हार, वाडा या तालुक्यांत मोगऱ्याने छोट्या शेतकऱ्याच्या जगण्यात फरक पाडला आहे. भात वर्षातून एकदा पैसा देतो. मोगऱ्याच्या बहरात रोज कळी निघते आणि रोख येते. थोड्या गुंठ्यांवर, घरच्या माणसांच्या हातावर हे पीक उभे राहते. भात कापल्यावर वीटभट्टीवर किंवा वसई-भिवंडीकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला रोज खुडायचे पीक घरी राहण्याचे कारण देते. मोगरा तोडायला माणूस पहाटे शेतावरच असावा लागतो. शहरातल्या बाईच्या वेणीतला गजरा आणि डोंगरातल्या मुलाची न चुकलेली शाळा यांचा संबंध असा लागतो.

झेंडूची गोष्ट वेगळी आहे. दसरा-दिवाळीला फूल हवे तर रोप जुलै-ऑगस्टमध्ये लावावे लागते. सगळेच त्या मुहूर्तावर डोळा ठेवून लावतात, म्हणून माल एकाच आठवड्यात येतो. पाऊस लांबला तर फुले भिजून काळी पडतात, नाही लांबला तर भाव कोसळतो. दसऱ्यानंतर रस्त्याकडेला ओतलेल्या झेंडूच्या राशी हे दरवर्षीचे दृश्य आहे, आणि दसऱ्याच्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी तोरण मात्र चढ्या भावाने विकले गेलेले असते. तोरणे, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या, गणपतीची पत्री, दुर्वा, गौरीचा तेरडा या वस्तू लांबच्या साखळीत कधीच नीट बसत नाहीत. त्या नेहमी आसपासच्या रानातून आणि बांधावरून आल्या आहेत. एखाद्या इमारतीने दसऱ्याआधी तीन आठवडे एकत्र मागणी सांगितली, तर शेतकऱ्याला किती तोडायचे हे कळते आणि बाजारातला जुगार तेवढ्यापुरता टळतो.

फूल घेताना ते कुठून आले याचा विचार फार क्वचित होतो. पुष्पगुच्छातला गुलाब, जरबेरा मावळातल्या पॉलिहाउसमधला असतो, तर ऑर्किड अनेकदा थायलंडहून विमानाने आलेले असते. शीतसाखळी, रसायनमिश्रित पाणी आणि प्लास्टिकचे वेष्टन त्यांच्याबरोबर येते. मोगरा, चाफा, झेंडू, तगर यांना पानाचा पुडा आणि दोरा पुरतो. सुकल्यावर त्यांचे निर्माल्य होते आणि निर्माल्याचे खत. प्लास्टिकच्या फुलांचे काहीच होत नाही, ती नाल्यात जातात, आणि त्यांनी बाजार घेतला तेवढा शेतकऱ्याचा गेलेला असतो.

शेतात काय बदलते

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे आणि जवळपास ८० टक्के खातेदार अल्प किंवा अत्यल्प भूधारक आहेत. इतक्या जमिनीवर एकच पीक घेणे म्हणजे सगळे एका पावसावर आणि एका भावावर लावणे. व्यापाऱ्याला मात्र एकसारखा, एकाच जातीचा, गाडी भरेल इतका माल हवा असतो, म्हणून लांबचा बाजार शेताला एकपिकाकडे ढकलतो. घरांना थेट विकणाऱ्याला उलट रोज थोडे थोडे आणि वेगवेगळे लागते. त्याच्या शेतात वांग्याशेजारी मिरची, बांधावर तूर, कडेला शेवगा, मांडवावर कारली आणि मधे झेंडूची ओळ असते.

ही ओळ केवळ फुलांसाठी नसते. टोमॅटोत झेंडू लावला तर फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही झेंडू आवर घालतो. मधमाश्या फुलावर येतात आणि शेजारच्या काकडी-भोपळ्यालाही फळधारणा होते. फूल आणि अन्न एकाच शेतात असणे हे त्या शेताच्या आरोग्याचे साधन आहे. अशा शेतातून वाडा कोलम तांदूळ किंवा गावठी वाल यांसारख्या स्थानिक जाती टिकतात. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन आहे, पण ते टिकायला विकत घेणारे घर लागते.

यामागे जमिनीचा मोठा प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यात शेती करणाऱ्यापेक्षा जमीन विकणाऱ्याला तात्काळ जास्त मिळते. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. महामार्गाने गाड्या जवळ आल्या, तसे गृहप्रकल्पही जवळ आले. दिघ्यात जे सत्तरच्या दशकात घडले ते शहापुरात आता घडू शकते. शेतीतून दरमहा भरवशाचे उत्पन्न येत असेल तरच शेतकरी जमीन धरून ठेवतो, आणि शहराला अन्नाबरोबर विहिरींना पाणी देणारा मोकळा डोंगरउतारही त्यामुळेच उरतो.

जवळचे म्हणजे स्वच्छ नव्हे

जवळच्या शेताचे कौतुक करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. मुंबई-ठाण्यात रुळांलगत आणि नाल्यांकाठी पालक, माठ, मुळा पिकतो. त्याला काही ठिकाणी सांडपाणी दिले जाते. ती भाजी अंतराने सर्वांत जवळची, पण औद्योगिक वस्तीत नाल्याच्या पाण्यात जड धातू असू शकतात आणि पालेभाज्या ते शोषून घेतात. ते धुऊन जात नाहीत. म्हणून दिघ्यासारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात ‘जवळचे’ म्हणजे ज्याचे पाणी कुठले ते कळते, असे शेत.

इथे तिसरे अंतर, माहितीचे, कामी येते. गाळ्यावरच्या भेंडीला शेवटची फवारणी कधी झाली हे कुणी सांगू शकत नाही. पाटी घेऊन बसलेली बाई सांगू शकते. प्रत्येक कीटकनाशकाला फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर ठेवायचे असते. भाव चढला की ते पाळले जात नाही, हाच खरा धोका असतो. पाणी विहिरीचे की नाल्याचे, फवारा कशाचा आणि कधीचा, माल घरचा की बाजारातून उचललेला, एवढे तीन प्रश्न पुरतात. दर आठवड्याला तोच ग्राहक येणार असेल तर खोटे बोलणे विक्रेत्याला महाग पडते.

औपचारिक व्यवस्थाही आहेत. २०११ पासूनच्या पीजीएस-इंडिया पद्धतीत एका गावातले शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची पाहणी करतात आणि सेंद्रिय असल्याचे प्रमाणित करतात. खर्चिक त्रयस्थ प्रमाणपत्र ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी ती आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिली आहे. ही सूट ओळखीवर आणि विश्वासावर उभी आहे, म्हणून तपासून घेणाऱ्या ग्राहकाची जबाबदारी तेवढी वाढते.

पर्यावरणाचा हिशेबही असाच नीट मांडायला हवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये दाखवले, की तिथल्या घराच्या अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच आहे. मोठा भाग शेतात, उत्पादनातच निघतो. अर्धा रिकामा टेम्पो पन्नास किलोमीटर धावला तर किलोमागे तो भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त डिझेल जाळू शकतो. जवळच्या मालाची पर्यावरणीय बाजू भक्कम होते ती नासाडी, शीतगृह, वेष्टन आणि विमानवाहतूक टळल्यामुळे, आणि माल लोकलच्या डब्यातून किंवा भरलेल्या गाडीतून आला तर.

रतीब लावणे

थेट विक्रीला कायद्याची वाट मोकळी आहे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केले. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या या संताने मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्याच्या नावाने शेतकऱ्यांचे गट शहरातल्या मोकळ्या जागांवर ठरलेल्या वारी भाजी विकू लागले. कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात असे अनेक गट थेट सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आले.

असे प्रयोग टिकतात की नाही हे ग्राहकाच्या सातत्यावर ठरते. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाची पद्धत रुजली. घरांचा गट एका शेतकऱ्याशी वर्षाचा करार करतो, शेतात जे येईल ते घेतो, आणि वादळात पीक गेले तर तोटा वाटून घेतो. फ्रान्समध्ये २००१ पासून ‘अमाप’ गट हेच करतात. मराठी घराला यात नवीन काही नाही. दुधाचा रतीब आणि रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी ही त्याच व्यवहाराची जुनी रूपे आहेत. रोज काय आणि किती लागणार हे आधी ठरलेले असते, पैसे महिन्याला चुकते होतात, आणि एखाद्या दिवशी फूल कमी आले तर कुणी पुडीवाल्याला बदलत नाही.

भाजीला तोच रतीब लावणे दिघ्यातल्या एखाद्या इमारतीला कठीण नाही. वीस-पंचवीस घरे एकत्र आली तर एका शेतकरी कुटुंबाची आठवड्याची पालेभाजी आणि सणांची फुले सामावून घेऊ शकतात. ठरलेला वार, फाटकाजवळची जागा, आधी सांगितलेली मागणी आणि हातोहात पैसे एवढी त्याची मांडणी आहे. पावसात रानभाजी, हिवाळ्यात वाल, उन्हाळ्यात मोगरा येईल ते घ्यायचे. फेब्रुवारीत कोथिंबीर रुपयाला जुडी झाली तरी ठरलेला भाव द्यायचा, आणि जुलैत ती कडाडली तरी शेतकऱ्याने तोच घ्यायचा. वर्षातून एकदा मुलांसह शेतावर जाऊन विहीर पाहून यायची. तिथून परतल्यावर सोमवारच्या जुडीला जमीन, पाणी आणि घर यांची ओळख लागलेली असते, आणि भाताच्या खाचरांवर उभे राहिलेल्या शहरात ती ओळख पुन्हा दारापर्यंत येते.